नऊ नंबरची ऊब

६ जानेवारी

डायरी लिहिण्याची मला सवय नाही आणि हौसही नाही. आज लिहायला बसले, कारण आमच्या मोबाइल होम पार्कमधल्या हीटरच्या गॅसचा दर नव्या वर्षापासून गॅलनला सहा डॉलर चाळीस झाला आहे. गावातल्या पंपावर तोच गॅस तीनच्या आत मिळतो. काउंटीच्या कचेरीत फोन केला, तेव्हा तिथली कारकून बाई म्हणाली की फेब्रुवारीत कमिशनर लोक दरावर मर्यादा घालण्याचा विचार करणार आहेत, पण "खूप महाग आहे हो" अशा तोंडी तक्रारींनी त्यांचे कान किटले आहेत. तारीखवार काय झालं ते कोणी लिहून आणलं तर ऐकतील. ठीक. मी लिहून नेईन.

वस्तुस्थिती अशी. घरं आमची, जमीन मालकाची. घरांना खाली चाकं आहेत म्हणे, पण माझी चाकं मी वीस वर्षांत पाहिलेली नाहीत, आणि घर हलवायचं म्हटलं तर घराच्या किमतीएवढा खर्च. फाटकाजवळ मालकाची मोठी पांढरी टाकी आहे. तिच्यातून प्रत्येक घराला नळी, प्रत्येक घराशी मीटर. बाहेरून सिलिंडर आणायला बंदी. म्हणजे मालक सांगेल त्या भावाने ऊब घ्या, नाहीतर गारठा.

सकाळी ड्वाइटला गाठलं. पार्कचा मॅनेजर. दहावीला माझ्याकडे नागरिकशास्त्राला होता, मागच्या बाकावर.

"ड्वाइट, हा दर कोणी ठरवला?"

"बाई, वरून हुकूम आलाय."

"वरून म्हणजे? देवाकडून?"

"त्याच्याही वरून. फीनिक्सच्या हेड ऑफिसातून."

बिघडलेल्या मुलांत एवढं एक असतं, विनोद बरा करतात. मी हसले नाही.

९ जानेवारी

पारा शून्याच्या बराच खाली. क्लबहाउसमध्ये सभा घेतली. तिथेही हीटर बंद, त्यामुळे भाषणं आपोआप आटोपशीर झाली.

माझी योजना मांडली. सहा घरांतले आम्ही सहा जण एकेकटे राहतो आणि दुपारभर सहा हीटर जाळतो, हा मूर्खपणा आहे. रोज दुपारी दोन ते पाच सगळ्यांनी एकाच घरी जमायचं. त्या घराचा हीटर चालेल, बाकीच्यांचे बंद. ज्याची पाळी त्याने ऊब द्यायची, बाकीच्यांनी खायला आणायचं.

आमच्या सहांतली तोंडाळ लव्हॉन म्हणाली, "अगं मास्तरीण, म्हणजे आता म्हातारपणी पुन्हा शाळा? हजेरी घेणार का?"

"घेणार."

"आणि वर्गात झोपलं तर?"

"तुझं तोंड बंद राहील, तेवढाच फायदा."

ऑरिन बहिरा आहे. जन्म लाकूडतोडीत गेला, करवतीने कान घालवले. त्याने फक्त "खायला काय आहे?" एवढंच विचारलं आणि हात वर केला. ठराव एकमताने.

नियम मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून क्लबहाउसच्या भिंतीवर लावले. एक, वेळेवर यायचं. दोन, आपली पाळी कोणी टाळायची नाही. तीन, रडगाणं नाही.

दुसरा नियम महत्त्वाचा. नाहीतर लोक दुसऱ्याच्या उबेला चटावतात.

१२ जानेवारी

पहिली पाळी माझी. उत्तम झाली. लव्हॉनने ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल आणलं, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. ऑरिनने हरणाच्या मांसाचा रस्सा आणला, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

नऊ नंबरची ट्वायला बॉग्ज कोट काढायला तयार नव्हती. "असू दे गं, मला थंडी लवकर बाधते," म्हणाली. हीटरला खेटून बसली. पाच वाजता सगळे उठले तरी ही आपली बसलेलीच. मी दिवे मालवले तेव्हा उठली. तिच्या शिष्टपणाची मला सवय आहे. नवरा पोस्टात मोठ्या हुद्द्यावर होता, तेव्हापासून मान ताठ. कोणाचं एक अंडं उसनं घेणार नाही.

१५ जानेवारी

नऊ नंबरच्या मीटरवर लाल चिठ्ठी आणि लहानसं पितळी कुलूप दिसलं. ड्वाइट शेवटी मीटरची तपासणी करायला लागला म्हणायचा. पाच वर्षं मागत होते.

वाटेत ट्वायला भेटली. मला म्हणाली, "आर्डिथ, माझी पाळी जरा पुढे ढकलशील?"

"का? आजारी आहेस?"

"नाही गं. घर आवरलेलं नाही."

"आम्ही घर बघायला येत नाही, ऊब घ्यायला येतो. एकाला सूट दिली की उद्या ऑरिन मागेल. नियम म्हणजे नियम."

तिने कोटाची वरची गुंडी लावली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. एकोणिसलाच या."

असं असावं. सरळ.

१९ जानेवारी

ट्वायलाकडे आजवरची सगळ्यात चांगली बैठक झाली. मान्य करते. दार उघडताच गरम हवा तोंडावर आली. सगळ्या खिडक्यांच्या फटींना टॉवेल कोंबलेले. असा कामाचा विचार बाकीच्यांनी करावा. उन्हाळ्यात नदीकाठी पार्टीला येतो तसा काहीतरी वास होता. ट्वायला म्हणाली, "काल कोंबडी भाजली होती." भाजलेली कोंबडी काही कोणाच्या वाट्याला आली नाही.

न्हाणीघर नादुरुस्त आहे, दार बंद ठेवलंय. गरज पडली तर लव्हॉनकडे जायचं. ट्वायला मात्र मधून मधून आत जात होती, नळ बघायला.

"नळ बघतेयस की आत कोणी लपवलंय?" लव्हॉन म्हणाली. "या वयात? शाबास!"

ट्वायला हसली. कोट नव्हता आज. निळा पोशाख, केस नीट बसवलेले, गालांवर लाली. ती हसताना मी पुष्कळ दिवसांनी पाहिली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक गोल फिकट डाग आहे. घड्याळ काढलेलं असावं. भिंत पुन्हा रंगवायला हवी, पण तिला हे कोण सांगणार?

संध्याकाळी सगळ्यांची डोकी दुखत होती. कारण लव्हॉनचा रम घातलेला केक. तिला स्पष्ट सांगितलं.

"माझ्या केकने आजवर एकाचंच डोकं दुखलंय," ती म्हणाली, "आणि त्याच्याशी माझा घटस्फोट झालाय."

२३ जानेवारी

ड्वाइट फाटकाशी बर्फ ओढत होता. म्हणाला, "बाई, तुम्ही काय चालवलंय? फीनिक्सवाले विचारतायत, या पार्कचा खप एकदम निम्म्यावर कसा आला म्हणून."

"सांग त्यांना. शिस्त म्हणतात तिला."

"नऊ नंबरचा तर आकडाच हलत नाही."

"काटकसर शिकावी तर ट्वायलाकडून," मी म्हटलं.

तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला, काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, तोंडात शब्द चघळू नकोस, बोल. तो "काही नाही, बाई" म्हणून फावडं घेऊन गेला. शाळेतही असाच. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही.

३० जानेवारी

बर्फाचं वादळ. ट्वायलाची पाळी. पुन्हा तीच छान ऊब. ऑरिनला खुर्चीतच झोप लागली, त्याला उठवायला दोघी लागलो. लव्हॉनचं मत असं की ट्वायलाकडे डुलकी जशी लागते तशी कुठेच लागत नाही.

आज रमचा केक नव्हता. तरी माझं डोकं दुखलं आणि घरी येऊन उलटी झाली. ऑरिनचा रस्सा.

ट्वायलाचं मांजर कोचाखाली लांब होऊन पडलं होतं. दूध ठेवलं तरी उठलं नाही. म्हातारं झालंय.

३ फेब्रुवारी

सुनावणीची तारीख लागली. दहा फेब्रुवारी, सकाळी दहा. प्रत्येकाला तीन मिनिटं. मसुदा मी वाचला आहे. मालकाने गॅस ज्या भावाने घेतला त्यावर फक्त एक दशांश जास्त लावायचा, त्याहून एक सेंट नाही. मसुदा बरा आहे, भाषा वाईट.

आदल्या दिवशी सगळ्यांच्या भाषणांची तालीम घ्यायची. ती नऊ नंबरमध्ये, असं मी जाहीर करून टाकलं. सगळ्यात उबदार घर तेच, आणि थंडीत लोक भराभरा वाचून मोकळे होतात.

ट्वायला म्हणाली, "माझी पाळी नाही त्या दिवशी."

"माहीत आहे. पण तुझ्यासारखं घर कोणाचं तापत नाही. हे कौतुक आहे, ट्वायला. मी सहसा करत नाही."

तिने मान खाली घातली. म्हणाली, "बरं. जरा सामान आणावं लागेल."

मी म्हटलं, खायचं आम्ही आणू.

१० फेब्रुवारी, जिल्हा इस्पितळ

डोकं अजून जड आहे. तरी क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर माझ्याकडे काही उरणार नाही.

काल दोन वाजता आम्ही पाच जण नऊ नंबरमध्ये गेलो. बाहेर इतकी थंडी की नाकातला श्वास गोठत होता, आत घाम. लव्हॉनने भाषण वाचायला घेतलं. दुसऱ्या परिच्छेदात अक्षरं हलतायत म्हणाली. मी म्हटलं, चष्मा पूस. ऑरिन झोपला होता. मला वाटलं मी सगळ्यांना नीट बसायला सांगते आहे, पण आवाज निघत नव्हता. ट्वायला न्हाणीघरात गेली. तिच्या मागे दार लागलेलं मला आठवतं. उघडलेलं आठवत नाही.

त्यानंतरचं पहिलं आठवतं ते बर्फ. मी बर्फात उताणी, आणि ड्वाइट माझ्या गालावर चापट्या मारतोय. "बाई! बाई, डोळे उघडा!" आयुष्यात माझ्या तोंडावर कोणी हात उचलला नव्हता.

तो वाचवायला आलाच नव्हता. चोर पकडायला आला होता. नऊ नंबरच्या छतावरचा बर्फ वितळलेला त्याने पाहिला. त्या घराचा गॅस त्याने महिन्यापूर्वी स्वतः बंद करून कुलूप घातलं होतं. बिल थकलं म्हणून. बंद गॅसवर छत तापतं कसं? बाईने चोरून नळी जोडली असणार. दार ठोठावलं, कोणी उघडेना, त्याने लाथ मारली. आत आम्ही, कोणी कोचावर, कोणी जमिनीवर. एकेकाला ओढून बाहेर काढलं.

अग्निशामकवाला मला विचारत होता, "आत आणखी कोणी? न्हाणीघरात कोणी आहे?"

मी म्हणाले, "न्हाणीघर नादुरुस्त आहे. तिथे कोणी नसतं."

मी म्हणाले असं. माझ्याच तोंडाने.

ट्वायला तिथे होती. निळा पोशाख. शेजारी मातीची मोठी कुंडी, जिरॅनियमची. तिच्यात कोळसे. उन्हाळ्यात अंगणात मांस भाजायचे कोळसे. टबात आणखी दोन पोती.

भिंतीवरचा गोल डाग घड्याळाचा नव्हता. विषारी धूर झाला की ओरडणारं यंत्र असतं ना, त्याचा होता. तिने ते काढून कपाटात उशीखाली ठेवलं होतं.

ट्वायला गेली. बाकी आम्ही सगळे आहोत. माझ्या नाकाला नळी लावली आहे. नर्स म्हणते, लिहू नका, पडून राहा. मी म्हटलं, मुली, तू तुझं काम कर.

११ फेब्रुवारी

सुनावणी काल व्हायची ती उद्यावर ढकलली आहे.

लव्हॉन बाजूच्या खाटेवर. दिवसभर एक विनोद नाही. संध्याकाळी एकदम म्हणाली, "महिनाभर ती त्या घरात गारठत बसत होती. फक्त आपण यायचो त्या दिवशी पेटवायची."

"मूर्खपणा," मी म्हटलं. "सांगायचं ना! मी काय खाल्लं असतं तिला?"

लव्हॉनने माझ्याकडे बघितलं. "आर्डिथ, तिने सांगितलं होतं. पाळी पुढे ढकल म्हणाली होती. तू काय म्हणालीस?"

"ती म्हणाली घर आवरलेलं नाही."

"हो," लव्हॉन म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली.

मला ते वाक्य तेव्हा खोटं वाटलं नव्हतं. आता आठवतंय की ट्वायलाचं घर कधीही न आवरलेलं नसायचं.

ड्वाइट येऊन गेला. टोपी हातात घेऊन दारातच उभा. म्हणाला, "बाई, मी उद्या यायचो नाही. आलो तर नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर घर." मग खिशातून ते पितळी कुलूप काढून माझ्या खाटेवर ठेवलं. लाल चिठ्ठीसकट. "पण हे न्या."

"मला त्या दिवशी का नाही सांगितलंस? फाटकाशी?"

"तुम्ही म्हणालात काटकसर. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." जरा थांबून म्हणाला, "तुम्हाला सगळं माहीत असतं ना, बाई."

मी कुलूप मुठीत घेतलं.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांचा विरोध मोडून सुनावणीला गेले. वाटेत पार्कमध्ये दोन ठिकाणी थांबले. नऊ नंबरची कुंडी पोलिसांनी पाहून झाल्यावर अंगणात ठेवून दिली होती. ती उचलून लव्हॉनच्या गाडीत ठेवली. क्लबहाउसमध्येही एक काम होतं.

सभागृह गरम होतं. इतकं गरम की लोक कोट काढून बसले होते.

आधी मालकाचा वकील बोलला. फीनिक्सहून आलेला, उंची बूट, बर्फाने भिजलेले. म्हणाला, नव्या दरानंतर खप निम्म्याहून खाली आला आहे, यावरून रहिवाशांना खरी गरज किती होती ते दिसतं. लोकांनी जुळवून घेतलं आहे. एका घरात तर महिनाभर एक युनिटही वापरलं गेलं नाही आणि तिथून कधी एक तक्रारही आली नाही. परवाच्या दुर्घटनेचं कंपनीला दुःख आहे, पण घरात उघडा विस्तव ठेवणं हा पार्कच्या नियमांचा भंग होता.

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. माझी योजना, माझी शिस्त, तो माणूस आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचत होता. आणि ट्वायलाच्या ताठ मानेला तो समाधान म्हणत होता.

मला बोलावलं. चार पानं लिहून नेली होती, ती पर्समध्येच राहिली. कुंडी जड होती. ऑरिनने आणि मी मिळून ती कमिशनरांच्या टेबलावर ठेवली. थोडी राख त्यांच्या कागदांवर सांडली.

अध्यक्ष रॅस्मुसन म्हणाले, "बाईसाहेब, हे काय आहे?"

"हा ट्वायला बॉग्जचा हीटर."

मी कुलूप शेजारी ठेवलं. म्हटलं, "आणि हे त्याचं कारण. खप शून्य होता, हे वकीलसाहेबांनी खरं सांगितलं."

एवढंच बोलले. तीन मिनिटांतली बरीच उरली. ती मी उभी राहून घालवली.

मतदान झालं. दोन विरुद्ध एक, मर्यादा मंजूर. अध्यक्षांनी वाचलं, "एक जुलैपासून लागू."

लव्हॉन उठली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा जुना आवाज परत आला. "जुलैत? जुलैत आम्ही अंगणात अंडी तळतो, शहाण्या! तेव्हा कशाला हवी तुझी मर्यादा?"

हातोडा वाजला. मी खाली बसले नव्हते. म्हटलं, "अध्यक्षमहाराज, मी या काउंटीत एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. तुमच्या मुलालाही. जिवाला धोका असेल तर ठराव तातडीचा म्हणून त्याच दिवशी लागू करता येतो. तुमच्याच नियमावलीत आहे. नसेल तर सांगा, मी जाते."

ते कारकून बाईकडे वळले. तिने न बघताच मान डोलावली. पुन्हा मतदान. पुन्हा दोन विरुद्ध एक. आजपासून लागू.

टाळ्या वाजल्या. मला त्या नको होत्या.

वकील कुंडीला वळसा घालून गेला. बुटांना राख लागू नये म्हणून असेल.

मग कारकून बाईकडे वस्तू जमा केल्या. तिने रजिस्टर उघडून विचारलं, मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मातीची कुंडी एक, कडेला तडा गेलेली, राखेसह. पितळी कुलूप एक, लाल चिठ्ठी अडकवलेली, किल्ली नाही. "परत हव्या आहेत का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं.

मग पर्समधून सकाळी क्लबहाउसच्या भिंतीवरून काढलेला कागद दिला. वरच्या दोन कोपऱ्यांना अजून चिकटपट्टी होती.

तिने वाचला. वेळेवर यायचं. आपली पाळी कोणी टाळायची नाही. रडगाणं नाही. म्हणाली, "मॅडम, याचा गॅसच्या दराशी काही संबंध नाही."

"आहे. लावून घ्या."

तिने लिहिलं, कागद एक. कोणाच्या अक्षरातला, म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं, आर्डिथ किमेल, आणि त्यापुढे सही केली.